मुदतीपूर्वी

आमच्या घरी टेलिफोन आला तो १९९३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात. अर्ज केला होता १९८७ साली. मधली सहा वर्षे आम्ही प्रतीक्षा यादीत होतो. आणि त्या काळी प्रतीक्षा यादीत नाव असणे हीदेखील थोडीफार प्रतिष्ठेची गोष्ट समजली जात असे. वसई तालुक्यातील ज्या वाचकांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांना ‘डिमांड नोट’ हा शब्द आठवत असेल. ती घरात आली की एखादे शुभवर्तमान आल्यासारखा आनंद होई. पैसे भरायचे, पावती जपून ठेवायची आणि मग लाइनमनची वाट पाहत बसायचे.

आमची अनामत रक्कम मावशीने भरली. इंग्लंडहून तिने पन्नास पौंडांचा ड्राफ्ट पाठविला आणि सोबतच्या पत्रात लिहिले, ‘‘हे पैसे दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. मला आईचा आवाज ऐकायचा आहे.’’ पौंडाचा भाव तेव्हा पंचेचाळीस रुपयांच्या वर होता. अनामत भरून जे थोडे उरले त्यातून आईने टेलिफोनसाठी भिंतीत एक लाकडी फळी बसवून घेतली आणि आजीने क्रोशाचा रुमाल विणून तिच्यावर अंथरला. त्या रुमालावर तो टेलिफोन पुढे तेवीस वर्षे होता.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. मुंबईत शिक्षण पुरे करून १९६८ साली ती परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेली आणि कॉव्हेंट्री या शहरात स्थिरावली. लग्न तिने केले नाही. आजीला मुलगा नसल्यामुळे आजी आमच्याकडेच राहत असे. टेलिफोन येण्यापूर्वी त्या दोघींमधला सारा संबंध निळ्या हवाई पत्रांवर चालत होता. आजीला लिहिता येत नव्हते. ती सांगे आणि मी लिहून घेई. पत्र जायला आठ-दहा दिवस, उत्तर यायला तेवढेच. ‘‘तिला विचार, खोकला बरा झाला का,’’ असे आजीने सांगावे आणि ‘‘कोणता खोकला?’’ असे उत्तर महिन्याभराने यावे, असा तो व्यवहार.

टेलिफोन आल्यावर रविवार बदलला. सकाळची मिस्सा, मग बाजार, मग जेवण. आणि दुपारी दोनच्या सुमारास आजी फळीखाली खुर्ची ओढून बसे. तिकडे तेव्हा सकाळ असे. फोन मावशीच करी, कारण आपल्याकडून परदेशी फोन करणे त्या वेळी सामान्य कुटुंबाला परवडणारे नव्हते. परदेशी संभाषणावरील एकाच कंपनीची मक्तेदारी २००२ साली संपली आणि त्यानंतर दर हळूहळू उतरू लागले. पण आजीने ते दिवस पाहिले नाहीत. ती २००१ साली देवाघरी गेली. तिच्यानंतर त्या खुर्चीवर माझी आई बसू लागली. २०१४ साली आईही गेली. खुर्ची रिकामी झाली, तरी रविवारी दोन वाजता फोन येत राहिला. आता तो मी घेत असे. मावशी विचारी, ‘‘पाऊस कसा आहे? केळी कशी आहेत? फादर कोण आलेत?’’ मी उत्तरे देई. खरे सांगायचे तर ती उत्तरे मी घाईने देत असे.

२०१६ साली मी तो टेलिफोन परत केला. रस्त्याचे काम चालू होते, केबल तुटली होती. पावसाळ्यात दोन-दोन महिने लाइन बंद असे आणि भाडे मात्र येत राही. घरात चार मोबाइल होते. मी साधा अर्ज लिहिला, शेवटचे बिल भरले, यंत्र कार्यालयात जमा केले आणि पाच महिन्यांनी अनामतीचा धनादेशही आला. दंड नाही, कपात नाही. मला तेव्हा फार हुशारी केल्यासारखे वाटले. मावशीला मी माझा मोबाइल क्रमांक त्या नाताळात कळविला. जुना क्रमांक बंद झाला हे मात्र तिला स्पष्ट शब्दांत सांगायचे राहून गेले. पुढे रविवारचे फोन थांबले. मी नाताळला व तिच्या वाढदिवसाला तिला फोन करीत असे, आणि तेवढे पुरेसे आहे असे मानीत असे.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत मावशीच्या शेजारणीचा फोन आला. त्या केरळच्या, मावशीबरोबर त्याच रुग्णालयात त्यांनी वीस वर्षे नोकरी केलेली. त्यांनी सांगितले की मावशी नोव्हेंबरात घरात पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारीपासून तिला वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवले आहे. ती आता एकटी राहू शकणार नाही. घर भाड्याचे होते. मार्चअखेर ते रिकामे करून द्यायचे होते. तिचे जवळचे असे माझ्याशिवाय कोणी नव्हते. मी सेवानिवृत्त शिक्षक. वेळेची सबब सांगता येण्यासारखी नव्हती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी कॉव्हेंट्रीला पोहोचलो.

एका माणसाचे घर बंद करणे म्हणजे काय असते ते मला त्या आठवड्यात कळले. कपाटे, भांडी, पुस्तके, आल्तारावरची मूर्ती, जपमाळा हे सारे एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला कागदांचा ढीग. वीज, गॅस, पाणी, नगरपालिकेचा कर. यांतील बहुतेक गोष्टी सुरळीत पार पडल्या. मीटरवरचा आकडा सांगा, तारीख सांगा, शेवटचे बिल येईल. शेवटी राहिला टेलिफोन. मला वाटले, सर्वांत सोपे काम हेच. मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले व तितक्याच शांतपणे सांगितले की हा करार चोवीस महिन्यांचा आहे. तो २०२२ च्या सप्टेंबरात सुरू झाला. अजून अठरा महिने शिल्लक आहेत. आणि मुदतीपूर्वी करार संपवायचा असल्यास अठरा महिन्यांचे भाडे, दरमहा बावीस पौंडांप्रमाणे, म्हणजे तीनशे शहाण्णव पौंड भरावे लागतील.

पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता. मी मनात हिशेब केला: जवळपास चाळीस हजार रुपये. ज्या घरात कोणी राहत नाही, त्या घरातील जो फोन कोणी उचलणार नाही, त्याचे.

मी रागावून काही बोललो असे नाही. आपल्या माणसाला परक्या देशात परकी भाषा बोलताना राग नीट आवरतो. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या पांढऱ्या यंत्राकडे पाहत बसलो. पाकीट काढून पैसे भरून मोकळे व्हावे, असेही एकदा वाटले. शेजारणीने ते ऐकून मान हलविली. विचारल्याशिवाय एक पेनीही भरायची नाही, असे त्यांनी मला बजावले आणि दुसऱ्या दिवशी त्या मला नागरिकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या केंद्रात घेऊन गेल्या. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच सुमारास ही संस्था स्थापन झाली, आणि आज ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या नावाने ती देशभर कार्य करते.

तेथे एका वृद्ध स्वयंसेवकाने माझी शाळा घेतली. मी स्वतः चौतीस वर्षे शिकविले आहे. चांगला शिक्षक ओळखू येतो. त्यांनी प्रथम शुल्काचे तत्त्व समजावून दिले. कंपनी चोवीस महिन्यांच्या भरवशावर ग्राहकाला सवलतीचा दर देते. ग्राहक मध्येच गेला तर तिचे नुकसान होते. ते भरून घेण्याचा तिला हक्क आहे. पण हक्क आहे तो नुकसानभरपाईचा, शिक्षा करण्याचा नव्हे. ग्राहक गेल्यावर कंपनीचा काही खर्च वाचतो. तिला ती लाइन चालू ठेवावी लागत नाही, बिले पाठवावी लागत नाहीत, तक्रारी ऐकाव्या लागत नाहीत. शिवाय अठरा महिन्यांत मिळायचे पैसे तिला आजच मिळतात. हे सर्व वजा व्हावयास हवे. म्हणून मुदतीपूर्वी बंद करण्याचे शुल्क उरलेल्या भाड्याहून अधिक तर कधीच असू नये, आणि बहुधा त्याहून कमीच असावे, अशी तेथील ऑफकॉम या दूरसंचार नियामक संस्थेची भूमिका आहे. ग्राहकांवर अन्यायकारक अटी लादण्यास १९९९ च्या नियमांनी बंधन घातले होते, आणि आता २०१५ चा ग्राहक हक्क कायदा ते काम करतो. ऑफकॉमने प्रश्न लावून धरल्यावर २०१० साली तेथील तीन मोठ्या कंपन्यांनी घरगुती टेलिफोनवरची ही शुल्के बरीच खाली आणली, असेही त्यांनी सांगितले.

मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. करार कधी झाला? फोनवरून झाला असेल, तर चौदा दिवसांच्या आत तो विनाशुल्क रद्द करता आला असता. ती वेळ आता गेली होती. भाडे मध्येच वाढविले का? भाडेवाढ कराराबाहेरची असेल, तर सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत ग्राहकाला काहीही न देता बाहेर पडता येते. हा नियम २०१४ च्या जानेवारीपासून आहे. मावशीच्या घरी भाडेवाढीचे पत्र खरोखरच आले होते. त्या वर्षी तेथील अनेक कंपन्यांनी महागाईचा दर १०.५ टक्के व त्यावर आणखी ३.९ टक्के अशी मिळून १४.४ टक्के वाढ केली होती. पण ही वाढ कराराच्या मजकुरातच सूत्ररूपाने लिहून ठेवलेली होती, त्यामुळे ती वाट बंद होती. कंपनीने मुदतीच्या मध्ये भाडे वाढवावे आणि ग्राहकाने मात्र मुदत पाळावी, यातला विषमपणा त्या स्वयंसेवकालाही बोचत होता. पुढे १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत अशी टक्केवारीची वाढ लिहिण्यास बंदी झाली. वाढ करायचीच असेल तर ती किती पौंड व किती पेन्स, हे ग्राहकाला आधीच सांगावे लागते. मावशीला त्याचा उपयोग नव्हता.

शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला, ‘‘कराराचा सारांश घरात आला असेल. तो शोधला का?’’ २०२२ च्या १७ जूनपासून प्रत्येक कंपनीने करार करण्यापूर्वी ग्राहकाला लेखी सारांश देणे बंधनकारक झाले होते. आणि मावशीचा करार त्यानंतरचा होता.

सारांश सापडला. स्वयंपाकघरातील खणात, न फोडलेल्या लिफाफ्यात. बिलाच्या पत्रांसारखेच पत्र, म्हणून तिने ते उघडलेच नव्हते. दुसऱ्या पानावर, बारीक पण स्वच्छ अक्षरांत छापले होते की मुदतीपूर्वी करार संपविल्यास उरलेल्या प्रत्येक महिन्यास साडेनऊ पौंड आकारले जातील. बावीस नव्हे, साडेनऊ. अठरा महिन्यांचे एकशे एकाहत्तर पौंड. म्हणजे फोनवरच्या त्या मुलीने मला सांगितलेला आकडा कंपनीच्या स्वतःच्या कागदावरच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक होता. तिने मुद्दाम फसविले असे मी म्हणत नाही. तिच्या पुढ्यातल्या पडद्यावर जे दिसले ते तिने वाचले असेल. पण मी त्या दिवशी पैसे भरले असते, तर ते परत मागायला कोण गेले असते?

सल्ला देणाऱ्या त्या सद्गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. वृद्ध, आजारी, अपंग वा शोकाकुल ग्राहकांना न्यायाने वागविण्याचे धोरण प्रत्येक कंपनीने ठेवलेच पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा परिस्थिती सांगा, लपवू नका. कंपनीने दाद दिली नाही तर लेखी तक्रार करा, आणि त्यानंतर लवादाकडे जाता येते. मात्र खाते मावशीच्या नावावर असल्याने कंपनीशी बोलायचे तर तिची संमती हवी. म्हणून मी शुश्रूषागृहात गेलो.

खिडकीजवळच्या खुर्चीत मावशी बसली होती. पायावर लोकरीची शाल होती. मी तिला सगळा प्रकार सांगितला. पैशांचा आकडा मात्र सांगितला नाही. मग सहज विचारले, ‘‘मावशी, सत्त्याहत्तराव्या वर्षी चोवीस महिन्यांचा करार तू कशाला केलास?’’

ती हसली. ‘‘अरे, त्या मुलाचा फोन आला होता सप्टेंबरात. आधी विचारले, आपण कशा आहात. हवेविषयी बोलला, माझ्या गुडघ्याविषयी बोलला. चांगला दहा मिनिटे बोलला. मग म्हणाला, करार पुढे चालू ठेवू ना? इतके बोलल्यावर त्याला नाही कसे म्हणायचे?’’

‘‘पण तुला फोनची गरज तरी काय होती? शेजारच्या बाईंनी मोबाइल घेऊन दिला होता ना?’’

‘‘मोबाइल होता. पण हा नंबर तुमच्याकडे आहे ना, आईच्या वेळेपासून. लाइन तोडली आणि नेमका तुझा फोन आला तर?’’

मला काही बोलता आले नाही. ती खिडकीबाहेर पाहत पुढे म्हणाली, ‘‘आणि रविवारी मी वसईला फोन लावते ना. आपल्या त्या जुन्या नंबरावर.’’

‘‘मावशी, तो तर...’’

‘‘ठाऊक आहे मला, लागत नाही तो. एक बाई मराठीत सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. तिचे सांगून होईपर्यंत मी फोन ठेवत नाही. इथे मराठी दुसरे कुठे कानावर पडते, बाळा?’’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस कसा आहे, केळी कशी आहेत, हे ती जशी विचारी, तशाच सुरात ती हे सांगत होती. म्हणून ते ऐकणे अधिक कठीण झाले.

त्यानंतर माझ्या मोबाइलवरून आम्ही कंपनीला फोन लावला. आवाज मोठा करून तो मावशीच्या हातात दिला. तिने आपले नाव सांगितले, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला. पलीकडून विचारले गेले, तुमच्या वतीने तुमच्या भाच्याला बोलण्याची परवानगी देता का? मावशीने माझ्याकडे पाहिले आणि स्पष्ट इंग्रजीत म्हटले की हो, देते. तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे, भारतातून आला आहे. मग ती त्या व्यक्तीलाच विचारू लागली, तुम्ही कुठून बोलता, तुमच्याकडे पाऊस आहे का. मी हळूच फोन तिच्या हातातून घेतला.

कराराचा सारांश मी वाचून दाखविला, मावशीची अवस्था सांगितली आणि तेच सारे त्याच दिवशी लेखी पाठविले. नऊ दिवसांनी उत्तर आले. ग्राहक कायमस्वरूपी शुश्रूषागृहात गेल्या असल्यामुळे मुदतपूर्व शुल्क माफ करण्यात येत आहे. तीस दिवसांच्या नोटिशीचे भाडे तेवढे भरावे. तीनशे शहाण्णव, मग एकशे एकाहत्तर, मग बावीस. ते बावीस पौंड मी माझ्या खिशातून भरले. शेजारणीने अभिनंदन केले, आणि सल्ला देणाऱ्या त्या गृहस्थांना मी आभाराचे पत्र लिहिले. परंतु विजय मिळाल्याची भावना माझ्या मनात उतरली नाही.

परतीच्या विमानात मी याच गोष्टीचा विचार करीत होतो. मुदतीपूर्वी संबंध तोडणाऱ्याने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व वाईट नाही. आपल्या देशातील १८७२ च्या करार कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलमही तेच सांगते: करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती सरसकट वसूल करता येत नाही, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळते. कायद्याने एवढा विवेक पाळला आहे. पण २०१६ साली वसईच्या कार्यालयात यंत्र जमा करून मी बाहेर पडलो, तेव्हा माझ्याकडे कोणी भरपाई मागितली नव्हती. ज्या टेलिफोनची अनामत मावशीने भरली होती, तो मी तिला न विचारता, न कळविता बंद केला; आणि अनामतीचा धनादेश माझ्या नावाने माझ्या खात्यात जमा झाला. तिकडे तिने मात्र आपली बाजू पाळली. महिन्यामागून महिना ती त्या लाइनचे भाडे भरत राहिली. या व्यवहारात मुदत कोणी मोडली आणि भुर्दंड कोणी सोसला, हे सांगण्यास वकिलाची गरज नाही.

आपल्या मराठीत ‘करार’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक कंपन्यांच्या कागदांवर आणि दुसरा आपल्या घरातील पवित्र ग्रंथावर, जुना करार व नवा करार. लहानपणी मला वाटे की हे दोन अगदी वेगळे शब्द असावेत. आता तसे वाटत नाही. एका करारात मुदत, दर आणि दंड लिहिलेला असतो. दुसऱ्यात एक पक्ष पुन्हा पुन्हा चुकतो आणि दुसरा पक्ष तरीही लाइन तोडत नाही. मावशीने कोणता करार पाळला हे तिला विचारले असते, तर ती म्हणाली असती, ‘‘तुझे आपले काहीतरीच.’’

वसईला परत आल्यावर मी दर रविवारी दुपारी शुश्रूषागृहात फोन करू लागलो. तेथील परिचारिका फोन तिच्याकडे नेऊन देत. कधी ती मला ओळखी, कधी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारी, कधी नुसतीच ऐकत राही. मी पाऊस सांगे, केळी सांगे, धर्मग्रामात कोणते नवे फादर आले ते सांगे. घाई करीत नसे. २०२५ च्या फेब्रुवारीत ती झोपेतच देवाघरी गेली.

आपल्यापैकी अनेकांची माणसे आज आखातात, कॅनडात, आयर्लंडमध्ये, इंग्लंडमध्ये आहेत. आणि अनेकांचे वृद्ध आईवडील येथे वसईत एकटे आहेत. त्यांच्या दारात आणि फोनवर नवनवे करार येत असतात. तांब्याच्या तारांवरचे जुने टेलिफोन इंग्लंडमध्ये जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे. नव्या जोडणीसाठी नवे कागद, नव्या मुदती येणारच. म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. घरातील वृद्धांकडे आलेली पत्रे त्यांच्याबरोबर बसून उघडा. कराराची मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. बंद करण्याचे शुल्क कोणी तोंडी सांगितले, तर ते कोणत्या पानावर लिहिले आहे असे विचारा आणि वाचल्याशिवाय भरू नका. आणि चौथी गोष्ट अशी की परका मनुष्य दहा मिनिटे गोड बोलला म्हणून आपले वृद्ध माणूस चोवीस महिन्यांना ‘हो’ म्हणत असेल, तर त्या दहा मिनिटांचा हिशेब प्रथम आपल्याकडे मागावा.

मावशीच्या अंत्यविधीला मला जाता आले नाही. शेजारणीने नंतर तिच्या काही वस्तू टपालाने पाठविल्या. त्यांत टेलिफोनजवळ असे ते क्रमांकांचे लहान पुस्तक होते. ‘आई’ या शब्दासमोर ०२५० ने सुरू होणारा आमचा जुना क्रमांक आहे, निळ्या शाईत. त्यावर काट मारलेली नाही. त्याच्याखाली, हात कापत असताना लिहिलेला, माझा मोबाइल क्रमांक आहे. त्यातला एक आकडा चुकला आहे. भिंतीतली फळी अजून आहे. ते पुस्तक मी तिच्यावर ठेवले आहे.